तलावापलीकडची दोरी

बायको गेल्यावर मुलानं घरातला जुना कम्प्युटर साफ करून दिला. मी सांगितलं नव्हतं. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात दिवसभर हेच करतो, तर बापाच्या घरीही करावं असं वाटलं असेल. नवा पडदा आणला, वायरी बदलल्या, कम्प्युटरला इंटरनेट जोडलं आणि आईचा तो बंदुकीचा गेमही नवा करून ठेवला. वर म्हणाला, आता झकास चालेल. झकास कुणाला पाहिजे होता?

आम्ही चामराजपेटेतले शिंपी. मी कापायचो, शिवायचो. ती काज-बटण करायची. काज करून करून आणि साखरेपायी तिचा एक डोळा गेला, दुसरा स्वल्प राहिला. हातातलं काम सुटलं. बसून करणार काय? मुलानं घरी टाकून दिलेला जुना गेम उघडून बसायला लागली. शेजारची अक्का हसायची, या वयात माणसं मारता का म्हणून. माणसं कसली मारते ती! त्या गेममध्ये डोंगर आहे, खाली तलाव आहे आणि तलावापलीकडं एक घर. घरापुढं दोरीवर कपडे वाळत टाकलेत. बंदुकीला दुर्बीण होती, तिच्यातून ही ते कपडे बघायची. आधी सगळ्या गोळ्या आभाळात उडवून बंदूक रिकामी करायची, चुकून कुणाला लागायला नको म्हणून.

पण एवढ्या लांबचं तिला दिसेना, आणि बघत उभी राहिली की शत्रू येऊन मारून टाकायचे. तिनं मुलाला धरून बसवलं. त्यानं गेमच्या पोटातल्या फायली उघडल्या. एकीत दुर्बीण किती जवळ आणते त्याचा आकडा होता, तो वाढवला. दुसरीत स्वतःच्या चार ओळी लिहिल्या, की शत्रूंनी हिच्या वाटेला जायचं नाही. आकडा किती ठेवू विचारलं, तर हिनं बोटातलं अंगुस्तान काढलं. सुई टोचू नये म्हणून आम्ही घालतो ते, दोन्हीकडून उघडं. ते पडद्यावर त्या घराच्या दारावर टेकवलं.

"दार यात काठोकाठ भरलं पाहिजे," म्हणाली. "त्याहून बारीक मला दिसत नाही."

मग रोज मला हाक. तो सदरा बघा, कॉलर कशी बसवलीय, कोण शिंपी म्हणायचा हा. मी म्हणायचो, माझं गिऱ्हाईक नव्हे ते.

तिचं सगळं कार्य आटोपल्यावर एका सकाळी मी तिच्या खुर्चीत बसलो. तिनं शेवटी जिथं थांबवला तिथूनच गेम उघडतो, एवढं मला ठाऊक होतं. ती शेवटी बघत होती तेच मला बघायचं होतं, दुसरं काही नाही. डोंगर तोच, तलाव तोच. दुर्बीण लावली तर पलीकडं पांढरा डाग. म्हटलं चालत जाऊ. निघालो तर शत्रूंनी गोळी घालून आडवा केला. परत निघालो, परत आडवा.

मुलाला फोन लावला. तो म्हणतो, इंटरनेट जोडलं की नवी आवृत्ती आपोआप चढते, त्यात आपण केलेले बदल पुसले जातात, कंपनीची रीतच आहे. रीत? मी शिवलेला कोट गिऱ्हाइकानं घरी नेऊन कमरेत सैल करून घेतला, तर मी त्याच्या कपाटात शिरून शिवण परत घट्ट करू का? विकलं की विकलं. त्यावर म्हणाला, सरी अप्पा. हे 'सरी' म्हणजे 'बरं', म्हणजे विषय मिटवायचा. माझा मिटला नव्हता.

रविवारी यायला लावला. चार ओळी त्याला आठवल्या, त्या लिहिल्या. आकडा आठवेना.

"अंदाजानं टाकतो, अप्पा."

"अंदाजानं? तुझ्या आईनं कधी अंदाजानं काज पाडलं होतं?"

शिलाई मशीनच्या खणातून अंगुस्तान काढलं आणि दारावर टेकवून धरलं. वाढव म्हटलं. अजून. जास्त झालं, कमी कर. अंगुस्तान दारावरून घसरायला लागलं तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. दार काठोकाठ भरलं.

मग दुर्बीण जरा बाजूला सरकवली. दोरी, दोरीवर सदरा, हलतोय. कॉलर खरंच वाकडी. मुलगा बघतच राहिला.

"आई एवढंच बघायची?"

"तुला काय वाटलं, माणसं मारायची?"

मी उठलो आणि भिंतीतली इंटरनेटची वायर ओढून काढली.

"अप्पा, टीव्हीपण बंद पडेल."

पडू दे, म्हटलं.