खंडेनवमीला उतरवलेला गिअरबॉक्स

माझा मेव्हणा सोपान याने मला फसवलं. एकदा नारळात आणि एकदा जीपमध्ये. एकाच दिवशी, एकाच मळ्यात, आणि वर हसत हसत!

नारळाचं आधी सांगतो, कारण ते जास्त गंभीर आहे.

माझी सासुरवाडी नाशिकजवळ मखमलाबादच्या शिवारात. झेंडू, मेथी, कोथिंबीर. सासरे, म्हणजे तात्या, उभा जन्म एकाच जुन्या डिझेल जीपमधून फुलं मार्केटला नेत आले. झेंडू आणि डिझेल यांचा मिळून त्या जीपला एक वास होता. आजही पेट्रोल पंपावर हार घातलेली गाडी उभी राहिली की मला सासुरवाडीला आल्यासारखं वाटतं. दसऱ्याला मळ्यात जीपची पूजा व्हायची आणि तात्या तिच्यासमोर नारळ फोडायचे. एक वाटी मळ्यात राहायची, दुसरी लेकीच्या घरी जायची. मोठी कुणाची आणि लहान कुणाची, हे ठरलेलं नव्हतं. जिथे काही ठरलेलं नसतं, तिथे मी असतो.

त्या दसऱ्याला नारळ तिरका फुटला. मी सोपानशी हुज्जत घालून मोठी वाटी मिळवली. (भाजीच्या हातगाडीपासून सुरू करून अंबडला पंप आणि पाइपचं दुकान टाकणारा माणूस लहान वाटी घेऊन घरी जात नाही.) त्याच दिवशी जीपही मिळवली. तात्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं आणि सोपानला ट्रॅक्टर पुरे होता. मी त्याला दुकानातला एक वापरलेला पंप दिला आणि बदल्यात जीप घेतली! मोठी वाटी शेजारच्या सीटवर ठेवली आणि राजासारखा निघालो.

मळ्याचा रस्ता संपून डांबरी लागते न लागते तोच गिअर कुरकुरायला लागला. क्लच दाबला तरी गिअर पडेना. रडतखडत इंदिरानगरला घरी पोहोचलो आणि बघतो तर सीटवर वाटी नाही!

मी तिथूनच फोन लावला. "सोपान, वाटी काढून घेतलीस ना?"

"कुठली वाटी, दाजी?"

"आणि क्लच गेलेली जीप गळ्यात मारलीस!"

"दाजी, काल फुलं नेली मी तिच्यातून. लोण्यासारखी चालली."

लोण्यासारखी म्हणे! त्यानंतर जीप वर्षभर आमच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. मी तिच्याशी आणि सोपानशी बोलणं टाकलं.

पुढच्या दसऱ्याच्या तोंडावर तात्यांचा फोन आला. त्यांचं आता फारसं बाहेर येणं होत नव्हतं. म्हणाले, "जावईबापू, तुमचं नि सोपानचं काय असंल ते असू द्या. दसऱ्याला जीप मळ्यात आणा. मला दिसत नाय, पण हात तर लावता येतो ना? एक बी दसरा चुकला नाय तिचा."

फोनजवळ बसलेली माझी बायको मंदा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "तात्या, जीप आणतो. माझा शब्द!"

शब्द देताना मी भाव करत नाही. तो नंतर सुरू होतो. अंबडच्या एका मिस्त्रीकडे जीप ओढत नेली. त्याने दार उघडायच्या आतच मी भाव पाडायला घेतला. तो म्हणाला, "शेठ, आधी बघू तर द्या." मी म्हणालो, "बघायचे किती घेणार, ते आधी बोला." शेवटी त्याने लांबूनच सांगितलं, "क्लच प्लेट गेली असेल. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आणि एवढं सगळं तुम्हाला कळतं, तर तुम्हीच उतरवा."

माणसाने असं बोलू नये. मी जीप परत आणली, नवी क्लच प्लेट आणली आणि गिअरबॉक्स उतरवायचं जाहीर केलं.

"अहो, एकट्याने?" मंदा म्हणाली. "सोपानला बोलावते. त्याला येतं."

"त्याचं नाव काढू नकोस!"

"मग निदान उद्या करू नका. उद्या खंडेनवमी आहे."

"मग तर उत्तम! सुट्टी आहे."

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नसतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण परवा दसरा होता आणि शब्द दिलेला होता.

सकाळी जीप लाकडाच्या ओंडक्यांवर घेतली. आतली गोणपाटं (तात्यांनी फुलांच्या ओलीसाठी वर्षानुवर्षं एकावर एक अंथरलेली) सगळी ड्रायव्हरच्या पायाशी ढकलली. दोन्ही दारांवरून आडवा पाइप टाकला, त्याला दोर बांधून गिअरबॉक्स लटकवला आणि खालून जॅकचा आधार दिला. खाली सरकलो आणि एकेक बोल्ट काढत गेलो. शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा मी स्वतःलाच "शाबास!" म्हणालो. (दुसरं तिथे कुणी नव्हतं.)

इतक्यात मंदाचे पाय दिसले. मग हात दिसला. हाताने बोल्ट काढायचे पाने गोळा केले.

"काय चाललंय?"

"पूजेची वेळ झाली. पाने पाटावर मांडते."

"मांड! बोल्ट सगळे निघालेत."

"आणि हा जॅक?"

आता, मी दोराला एकदा हिसका देऊन बघितला होता. दोर पक्का होता. शिवाय बायकोसमोर जॅकवाचून अडतं असं दाखवणं मला पटेना. "तोही ने!" मी म्हणालो.

तिने जॅकची कळ सोडली, तो बाहेर ओढला आणि दोर ताणला गेला. गिअरबॉक्स सावकाश, अगदी अदबीने, माझ्या छातीवर येऊन बसला.

अर्धं वजन दोरावर होतं म्हणून मी हे लिहितोय. पण उरलेलं अर्धं माझं होतं. वर ढकलता येईना, बाजूला सरकता येईना. मंदा जॅक काखेत घेऊन वर निघून गेली होती. हाक मारावी, तर हाकेला लागणारा श्वास गिअरबॉक्सखाली होता.

तेवढ्यात नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आमचे शेजारी पगारेकाका आले. नोटा तपासून तपासून त्यांची नजर अशी झाली आहे की माणसाकडेही ते उजेडात धरल्यासारखं बघतात. त्यांना माझे फक्त पाय दिसत होते.

"काय शेठ, झोपलात का?"

"नाही... विचार करतोय."

"गिअरबॉक्स उतरला?"

"उतरला."

"एकट्याने?"

"एकट्यानेच!" (हे मात्र शंभर टक्के खरं होतं.)

"वा! आवाज खोल येतोय तुमचा," असं म्हणून ते निघून गेले. मदत मागायला तोंड उघडलं होतं, पण त्यातून "या, चहाला या" असं बाहेर पडलं. स्वभाव!

मग मंदा आरतीचं ताट घेऊन आली. जीप हेसुद्धा हत्यारच. तिने बोनेटला हळद-कुंकू लावलं, हार घातला, आरती ओवाळली. माझ्या पायांना प्रदक्षिणा घालताना एक झेंडू माझ्या अंगठ्यावर ठेवला.

"मंदा," मी म्हणालो, "जॅक आण."

"आता कसा आणू? पाटावर आहे. कुंकू लावलंय. उद्या उत्तरपूजा झाली की मगच हलवायचा."

"मग उद्यापर्यंत मी इथेच राहू?"

तेव्हा कुठे ती वाकली. तिने आत बघितलं. पुढची दोन मिनिटं ती जे बोलली, ते मी लिहीत नाही. शेवटचं वाक्य एवढंच होतं, "सोपान फुलं घेऊन गावात आलाय. त्याला फोन लावते."

"अजिबात नाही!"

तिने फोन लावला. सोपान ट्रॅक्टर घेऊनच आला आणि दुसऱ्या बाजूने जीपखाली सरपटत माझ्या शेजारी येऊन पडला. वर्षभराने आम्ही दोघं इतके जवळ आलो होतो.

"दाजी, लय जड हाय का?"

"उचल आधी."

"उचलतो. पण एक बोली हाय. नारळाचं नाव पुन्हा काढायचं नाय."

छातीवर गिअरबॉक्स असताना माणसाने काय म्हणावं? मी म्हणालो, "मोठी वाटी होती ती."

"बरं, मी जातो मग. फुलं सुकतील."

"थांब! दसऱ्यापर्यंत काढणार नाही."

"पुढच्या दसऱ्यापर्यंत."

"उद्यापर्यंत!"

"अहो, तो गिअरबॉक्स काय तुम्ही विकत घेताय का?" बाहेरून मंदा ओरडली. "सोपान, उचल मुकाट्याने!"

सोपानने उचलला. मी बाहेर आलो. पायावरचा झेंडू तसाच होता.

मग दोघांनी मिळून नवी प्लेट बसवली, गिअरबॉक्स चढवला. (पाने पगारेकाकांच्या घरून आणले. त्यांच्याकडे पूजा संध्याकाळी होती.) इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला. कर्रर्र! जसा होता तसाच. नवी प्लेट, जुनी कुरकुर.

मी पायरीवर बसलो. दसरा उद्यावर आला होता. सोपान माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दाजी, ट्रॅक्टरला बांधून नेऊ. तात्याला दिसतं कुठं?"

दसऱ्याला आम्ही जीप ओढत नेली. दोराला झेंडूच्या माळा गुंडाळल्या, म्हणजे लोकांना वरात वाटावी. मी स्टिअरिंगवर बसून उगाच हॉर्न वाजवत होतो. मळ्यात तात्या बाजेवर बसले होते, डोक्याला पांढरी टोपी, तोंड रस्त्याकडे.

"आली का माझी लक्ष्मी?" ते म्हणाले. मग कान देऊन थांबले. "पर आवाज ट्रॅक्टरचा येतोय."

मंदा तोंडाला पदर लावून झेंडूच्या वाफ्याकडे बघत होती.

"मला आत बसवा," तात्या म्हणाले. आम्ही त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी स्टिअरिंग चाचपलं, डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. पुन्हा दाबला.

"जावईबापू, पॅडल खालपर्यंत जात नाय. मधेच काहीतरी अडतंय. ती गोणपाटं काढा बरं."

मी गोणपाटं काढली. एक, दोन, पाच, सहा. सगळ्यांत खाली, पॅडलच्या बरोब्बर मागे, वाळून टणक झालेली नारळाची अर्धी वाटी होती.

मोठी.

तात्यांनी ती हातात घेऊन चाचपली. "ही ती का?" त्यांनी विचारलं, आणि मग ते जे हसायला लागले, ते खोकला लागेपर्यंत थांबले नाहीत. सोपान माझ्याकडे बघून नुसता गालात हसला. त्याने तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं.

मग तात्या शेजारच्या सीटवर सरकले. म्हणाले, "तुम्ही क्लच दाबा. गिअर मी टाकतो." जीप सुरू झाली. मी दाबायचो, ते इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकायचे. पहिला, दुसरा. लोण्यासारखा. झेंडूच्या बांधाने आम्ही अख्ख्या मळ्याला एक फेरी मारली. ते तोंडाने रस्ता सांगत होते, "आता विहीर येईल, आता चिंच," आणि विहीर यायची, चिंच यायची.

तात्या आता नाहीत. जीप आहे. दर दसऱ्याला ती स्वतःच्या पायांनी मळ्यात जाते आणि निघण्यापूर्वी मी पॅडलखाली हात घालून बघतो. आता गाडीला हार दिसला की नुसता वास आठवत नाही, तात्यांचा खोकलाही आठवतो.

पण म्हणून मूळ प्रश्न सुटत नाही! वाटी मी सीटवर ठेवली होती. सीटवरून ती खाली घरंगळली मळ्याच्या रस्त्यातल्या खड्ड्यामुळे. खड्डा सोपानच्या हद्दीत आहे आणि त्याने तो अजून बुजवलेला नाही. तेव्हा माझ्या छातीवर गिअरबॉक्स आला, याला जबाबदार कोण? उत्तर सोपानने द्यावं. फोनवर चालणार नाही. नारळ घेऊन, घरी येऊन द्यावं.

आणि तो इथेच फोडायचा. माझ्यासमोर. मोठी वाटी माझी.