लेकीची मावशी

बायकांच्या ऑपरेशन वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणायचे. एकोणीस वर्षं ती तिथे साफसफाई करत होती. कुठल्या पलंगाचं चाक अडतं, कुठल्या खिडकीची कडी नुसती नावाला आहे, सगळं तिला तोंडपाठ. नवरा लवकर गेला. याच कामावर तिने, वॉर्डात घरचं कधी न काढता, एकुलत्या लेकीला नर्सिंग शिकवलं, आणि लेक बदली होऊन नेमकी त्याच वॉर्डात आली.

पहिल्या दिवशी लेकीला नर्सच्या कपड्यांत दारात उभी पाहून मावशीचा चेहरा फुलला. लेकीने आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, ड्रेसिंगच्या खोलीतली बादली भरलीय, बघा जरा."

मावशीने पोछा भिंतीला टेकवला. "हो सिस्टर," म्हणाली आणि गेली.

घरी तिने ते हसण्यावारी नेलं. "घरात अगं-तुगं, वॉर्डात अहो-जाहो. मान वॉर्डातच जास्त की गं माझा!"

लेकही हसली. जरा रुळले की सांगेन सगळ्यांना, असं म्हणता म्हणता चार महिने गेले, आणि जितके दिवस गेले तितकं सांगणं जड झालं. दोघी एकाच बसने यायच्या. फाटक जवळ आलं की लेक दहा पावलं पुढे निघायची. मावशी आपणहून चपलेचा पट्टा नीट करत मागे रेंगाळायची.

एका सकाळी मावशी अकरा नंबरच्या पलंगाखाली पोछा मारत होती. पलंगावर आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेली बाई होती. भिंतीच्या बाजूला फरशीवर रक्ताचा थेंब दिसला. मावशीने पुसला. शेजारचा पलंग आटपून वळते, तर आणखी दोन. ती तडक औषधांच्या ट्रॉलीपाशी गेली. तिथे थोरल्या सिस्टर गोळ्या वाटायच्या तयारीत होत्या आणि लेक त्यांच्या हाताखाली होती.

"सिस्टर, अकरा नंबरखाली रक्त पडतंय. पुसलं तरी पुन्हा पडतंय."

"आत्ताच बघितली मी तिची पट्टी," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "कोरडी आहे. सलाइन लावताना सांडलं असेल."

"पण ते भिंतीकडून..."

"मावशी, तुम्ही फरशी बघा. पेशंट आम्ही बघतो."

आई उगाच तोंड उघडत नाही, हे लेकीइतकं कुणाला ठाऊक असणार? पलंग चार पावलांवर होता. जाऊन चादर उचलायची, एवढंच. पण आईची बाजू घेतली आणि कुणी विचारलं, 'तुझा बरा हिच्यावर एवढा विश्वास?' तर? तिने मान खाली घातली आणि गोळ्या मोजत राहिली.

पाऊण तासाने ती बाई पांढरीफटक पडलेली सापडली. पट्टी वरून कोरडीच होती. रक्त कुशीवरून पाठीखाली उतरून मेणकापडावरून भिंतीकडे ठिबकत होतं. एकच धावपळ उडाली. बाईला पुन्हा ऑपरेशनला नेलं. वाचली, पण थोडक्यात.

दुपारी सगळ्या नर्सांवरच्या मेट्रननी तिघींना बोलावलं. "खाली रक्त होतं, तर पोछा मारताना दिसलं कसं नाही, मावशी? मला वर लेखी कळवावं लागेल."

थोरल्या सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. मावशी जमिनीकडे बघत राहिली. लेकीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आपल्याला सांभाळायला ती जमिनीकडे बघतेय, हे लेकीला कळलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी तिथेच उभी होते. मी गेले नाही." मग ती आईकडे वळली. "आणि... ती माझी आई आहे."

थोरल्या सिस्टर खिडकीकडून वळल्या आणि पुटपुटल्या, "मीच गप्प केलं त्यांना."

संध्याकाळी लेक आईपुढे रडली. मावशी भांडी विसळत होती.

"मला मावशी म्हणालीस, ते मी कधीच गिळलं. पण ती बाई पाऊण तास तशीच पडून होती गं. तिची माफी कशी मागशील?"

बाई शुद्धीवर आली तेव्हा लेकीने जाऊन तिला सगळं खरं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. घरी जाईपर्यंत तिने लेकीच्या हातून औषध घेतलं नाही. मावशीशी मात्र तासन्‌तास बोलत बसायची.

पाळी बदलताना नर्स एकमेकींना पेशंटची माहिती देतात, तिथे पुढच्याच आठवड्यापासून मेट्रननी सफाईच्या बायकांनाही बोलवायला सुरुवात केली. पहिले काही दिवस त्या दारातच उभ्या राहिल्या. मग थोरल्या सिस्टरनी बाकावर सरकून जागा केली. "बसा, मावशी. काय काय दिसलं आज?" हे विचारल्याशिवाय पुढे पाळी बदलेनाशी झाली. एकदा एका म्हातारीने गोळ्या उशीखाली दडवल्याचं त्यातूनच कळलं.

आज लेक स्वतः त्या वॉर्डाची प्रमुख आहे. बाहेरून बघायला आलेली माणसं या पद्धतीचं तोंडभरून कौतुक करतात आणि ही कल्पना कुणाची, असं विचारतात. ती "मेट्रनची" म्हणते आणि घाईने पुढच्या खोलीकडे वळते. त्या पाऊण तासापायी ते कौतुक तिच्या घशाखाली अजून उतरलेलं नाही.