खपलीचं बियाणं

नोकरीच्या पहिल्याच रब्बीत पुण्यातल्या आमच्या संशोधन केंद्राच्या शेतात मला खपली पेरायची होती. खपली म्हणजे जुन्यातला जुना गहू, मळला तरी दाणा टरफल सोडत नाही. मी दोन दिवस खपून सगळं बियाणं उखळात कांडलं, पाखडलं आणि स्वच्छ दाणे ऐटीत पेरले. कर्वेनगरहून मजुरीला येणाऱ्या मावशी नुसत्या बघत होत्या.

पंधरा दिवस झाले तरी वाफा जवळजवळ उघडाच. मी बियाण्याच्या नावानं खडे फोडले.

मावशी म्हणाल्या, "सायेब, खपली टरफलासकट पेरायची असती. कांडली की कोंबच मरतो."

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी खेकसलो.

"तुमी इचारलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून टरफलासकट पायलीभर खपली आणली. ती मात्र तरारून आली.

त्या वर्षीच्या शोधनिबंधात मी लिहिलं, हजारो वर्षांपूर्वी रानातला गहू ज्यांनी पहिल्यांदा शेतात आणला, त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. मोठं भारदस्त वाक्य होतं. मावशींचं नाव मला आजही माहीत नाही.