आत्याचा गुडघा आणि विझलेले तारे

मी आकाशातून येणाऱ्या क्ष-किरणांवर काम करते. पप्पांनी ते नातेवाइकांना एका वाक्यात सांगून टाकलं: पोरगी एक्स-रेमध्ये आहे. तेव्हापासून मी नाशिकला आले की पिशवीत काळ्या फिल्म घेऊन कोणी ना कोणी येतंच. आधी मी चिडायचे. आता चहा ठेवते.

यंदा दिवाळीनंतर सायखेड्याहून आत्या आली, अर्थातच गुडघ्याची फिल्म घेऊन. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि ती अजिबात तयार नव्हती. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेल्यापासून ती एक रात्रही घर सोडत नाही. त्यांच्या फोटोपुढे ताट ठेवल्याशिवाय तिला घास जात नाही. त्या दिवशीही ठेवूनच निघाली होती. फोटो इकडेच आण, असं पप्पांनी सुचवलं, तर म्हणे त्यांना शहर मानवत नाही. आता मी तिचं मन वळवावं म्हणून पप्पा माझ्या मागे लागले होते.

मला गुडघ्यातलं काही कळत नाही हे ऐकून ती हिरमुसली. मग तू बघतेस तरी काय, असं तिने विचारलं. मी सांगितलं, आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात क्ष-किरणांचं अंधूक धुकं दिसायचं. चांगल्या दुर्बिणीतून पाहिल्यावर कळलं की त्यातलं बरंचसं धुकं नाहीच, सुटे सुटे मंद ठिपके आहेत. त्यातले पुष्कळ म्हणजे जोडीने फिरणारे तारे. एक विझून गेलेला, दुसरा अजून जळणारा. विझलेला दुसऱ्याचा वायू स्वतःकडे ओढत राहतो. तो वायू पडताना भयंकर तापतो, आणि त्याचाच उजेड आमच्यापर्यंत पोचतो.

आत्याने फिल्म मांडीवर ठेवली. पप्पा पुन्हा ऑपरेशनचा विषय काढणार होते, त्यांना मी डोळ्यांनीच गप्प केलं.

"आन् जो देतो, तो झिजत नाय व्हय?"

"झिजतो," मी म्हणाले.

ती बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत बसली. मला तिची फार माया आली.

"घे तारीख," शेवटी ती पप्पांना म्हणाली. "ताट शेजारीण ठेवंल. त्यांना मी सांगते, लय दिलं तुम्हाला. आता थोडं मला ऱ्हाऊ द्या."