हिला गार वारं पायजे

गाडी चालू ठेवून काका बॉनेटवर कान टेकायचे आणि म्हणायचे, “दम लागलाय हिला. गार वारं पायजे.” तुम्ही असता तर हसला असता. मीही हसायचो.

आमच्या शेजारचे हे काका पिकअपमधून कुंडलच्या वस्त्यांवरचं दूध इस्लामपूरला डेअरीत पोचवायचे. गाडी जुनी, चढाला धापा टाकायची. दोनतीनदा उशीर होऊन दूध नासलं, तसं डेअरीनं बजावलं की पुन्हा असं झालं तर रूट दुसऱ्याला. काकी गेलेल्या, लेक सासरी. रूट गेल्यावर त्या माणसानं सकाळी उठायचं तरी कशासाठी?

मग त्यांनी मोबाईलवर बघून स्वस्तातलं एअर इनटेक मागवलं. एक वाकडा पाईप आणि त्याच्या टोकाला उघडा फिल्टर. बाहेरची थंड हवा मिळाली की इंजिन जोर धरतं म्हणे. कुपवाडचा मिस्त्री म्हणाला, “काका, बॉनेटला भोक पाडून तोंड वर काढू. खाली बसवलं तर पाणी वडंल.”

बॉनेटवर लेकीचं नाव होतं, ती शाळेत असताना रंगवून घेतलेलं. काका भडकलेच. “पोरीच्या नावाला भोक पाडतोस व्हय रं? खालीच बशीव!”

फिल्टर बंपरमागं बसला. आणि काय सांगू, गाडी पळाली की! काका नव्या नवरदेवासारखे मिरवायला लागले. “बघ गड्या, हाय का न्हाई?” मलाही लय बरं वाटलं.

आषाढात ओढ्याच्या फरशी पुलावर पाणी आलं. गुडघ्याएवढंच. पण थांबावं तर दूध नासणार. काकांनी गाडी घातली. मधोमध खाडकन आवाज झाला आणि इंजिन बंद. फिल्टरमधून पाणी आत गेलं, आतला रॉड वाकला, इंजिन कामातून गेलं. आम्ही ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली तोवर दूध फाटलं होतं.

रूट गेला. मी म्हटलं, “काका, दुसऱ्याची गाडी चालवा की.”

“नगं. संपलं गड्या.”

त्यांच्या दारात आता एक म्हैस आहे. परवा सकाळी दुधाची नवी गाडी चौकात थांबली. काका आपली किटली घेऊन आले, ती खाली ठेवली आणि सवयीनं लोकांचे कॅन उचलून हौद्यात चढवायला लागले.

“आवं, तुमी कशाला?” नवा ड्रायव्हर म्हणाला. “रांगेत उभं ऱ्हावा.”

“व्हय, व्हय,” काका म्हणाले, आणि किटली उचलून सगळ्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.