एका कानाचं गिऱ्हाईक

माझा डावा कान पुतण्याच्या लग्नात गेला. कुणी मारलं नाही, मी कुठं पडले नाही, आजारी नव्हते. लासुर्ण्यात आमच्या घराच्या दारात भाकरतुकड्याचं ताट घेऊन मी उभी होते, आणि माझ्या धाकट्या दिरानं त्याची डीजेची गाडी फाटकातून मागं घेत स्पीकरची अख्खी भिंत दाराकडं तोंड करून लावली.

गाडी त्याची स्वतःची. सोमेश्वरनगरपासून पळसदेवपर्यंत लग्न असो, वाढदिवस असो, ती जाते आणि लोकांच्या खिडक्या हलवून येते. मग स्वतःच्या पोराच्या वरातीत तो कमी कसा पडेल? नवरा-नवरी फाटकाशी आली तशी पोरांनी त्यांना मधे घेतलं आणि नाचायला लावलं. आता जिच्या हातात भाकरतुकडा असतो त्या बाईला जागा सोडता येत नाही. नवरीवरून तुकडा ओवाळून टाकायचा, मगच तिनं उंबरा ओलांडायचा. मी थोरली चुलती, म्हणून मान माझा. जाऊबाई पदरानं कान झाकून आत गेल्या. माझे दोन्ही हात ताटाला. मी दिराला डोळ्यांनी, मानेनं, जमेल तसं खुणावलं की कमी करा. तो हसला. गाडीवरच्या पोराला त्यानं हात वर करून दाखवला आणि आवाज आणखी चढला. माझा नवरा त्याच्या शेजारी फेटा सावरत उभा होता.

दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत होती आणि शिट्टीच्या पलीकडं काही नव्हतं. मी म्हणाले, बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. पण त्याच आठवड्यात आमच्या उसाला तोड आली. कारखान्याची टोळी शेतात उतरली की मालकानं गाव सोडायचं नसतं, नाहीतर ऊस आणखी महिनाभर उभा वाळतो. नवरा म्हणाला, तोड झाली की जाऊ. तोड झाली, मग तुटल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या खोडव्याला पाणी झालं, मग गेलो. डॉक्टरांनी तपासून विचारलं की एवढे दिवस कुठं होता, लगेच आला असता तर औषध देऊन बघता तरी आलं असतं. हा प्रश्न त्यांनी मला विचारला. ज्याला विचारायचा तो खिडकीतून पार्किंगमधली गाडी बघत होता.

त्यानंतर आमच्या घरात माझा कान वयामुळं गेला असं ठरलं. कुणी ठरवलं ते सांगता यायचं नाही. जाऊ तसं म्हणाली, दीर तसं म्हणाला, पाहुणे तसं म्हणायला लागले. नवऱ्याला मी एकदा स्पष्ट विचारलं तेव्हा त्यानं “आपलेच दात, आपलेच ओठ” म्हणून विषय मिटवला. दात त्याच्या भावाचे आणि ओठ माझे, एवढा फरक त्याच्या लक्षात आला नाही.

हे सगळं मी मुकाट गिळलंही असतं, पण मी गाणं ऐकणारी बाई आहे. आमच्या पेरूच्या बागेनं पहिल्यांदा हात दिला त्या वर्षी मी दागिना मागितला नाही, स्टेरिओ मागितला. अँप्लिफायर, दोन लाकडी स्पीकर आणि सीडी प्लेअर. शेजारणी हसल्या, हसू देत. दुपारची भांडी झाली की ती वेळ माझी. नाट्यसंगीत लावायचं आणि खुर्चीत बसायचं, मग कुणी दार वाजवलं तरी मी उठत नसे.

कान गेल्यावर पहिल्यांदा गाणं लावलं तर पेटी भिंतीआडून आल्यासारखी येत होती. मला वाटलं डावा स्पीकर बिघडला. मी मागच्या वायरी काढून उलट्या लावल्या, डावीकडची उजवीला. तर पेटी ठणठणीत आली आणि तबला भिंतीआड गेला. स्पीकर चांगला होता. बिघडलेली बाजू माझी होती. त्या दुपारी मी जेवढी रडले तेवढी डॉक्टरकडंही रडले नव्हते.

पुढं सीडी प्लेअरचा कप्पा अडकायला लागला आणि एके दिवशी उघडायचाच बंद झाला. पुण्यातल्या लेकीनं सगळ्या सीडी एका छोट्या डिस्कमध्ये भरून दिल्या आणि सांगितलं, आता डिजिटल प्लेअर घे, फोनवरून चालतो. मी म्हणाले घेते, पण मला हवा तो घेते. मला एकच गोष्ट हवी होती. दोन्ही बाजूंचं गाणं एकत्र कालवून ते सगळं एका स्पीकरमधून देणारा प्लेअर. तो स्पीकर उजव्या कानाशी ठेवला की पेटी, तबला, गळा, सगळं माझ्या पदरात पडेल. पूर्वीच्या यंत्रांना त्यासाठी मोनोचं बटण असायचं. माझ्या अँप्लिफायरला नाही. तेव्हा ते प्लेअरमध्येच पाहिजे.

बारामतीच्या दुकानात जायचं ठरलं आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात तसं, दीर निघाला बरोबर. साउंडमधलं आपल्याला कळतं, म्हणाला. तो पुढं नवऱ्याशेजारी बसला, मी मागं, आणि लासुर्ण्यापासून बारामतीपर्यंत दोघं बेसवर बोलत राहिले. बोलतानाही तो ओरडतो. त्याचेही कान शाबूत नसावेत असं मला फार दिवस वाटतं, पण त्याचं मला दुःख नाही.

दुकानदारानं काचेच्या टेबलावर प्लेअर मांडले. एकाला रंगीत पडदा, त्यावर गाणाऱ्याचा फोटो दिसतो. एकाशी बोलायचं, तो ऐकतो. एकाच्या पुढच्या बाजूला निळी सुई हलते. प्रत्येकाबरोबर तो आकडे सांगत होता आणि प्रत्येक आकडा दिराकडं बघून सांगत होता. मी विचारलं, ह्यातला कुठला दोन्ही बाजू एकत्र करून देतो? तो दिराकडं बघून हसला. म्हणाला, लोक दोन बाजू नीट वेगळ्या ऐकू याव्यात म्हणून एवढा खर्च करतात आणि काकूंना एक पाहिजे. दिरानं त्याला साथ दिली. मोनो म्हणजे जुना ट्रान्झिस्टर, म्हणाला. एका बाजूनंच पाहिजे तर बॅलन्स फिरवा की वैनी. अर्ध्या तालुक्याची लग्नं वाजवून काढलेल्या माणसाला एवढंही कळू नये? बॅलन्स फिरवला की एक बाजू बंद पडते, दुसरीत येऊन मिसळत नाही. तबला ठेवायचा तर पेटी फेकून द्यायची, एवढंच ते बटण करतं.

का पाहिजे ते मी सांगू शकले असते. पण जी गोष्ट घरात कबूल होत नाही ती मी बाजारात का मांडू? दिरानं निळ्या सुईचा प्लेअर निवडला. बेस चांगला आहे, वहिनीला माझ्याकडून भेट, असं म्हणून त्यानं खिशात हात घातला. नवऱ्याचा चेहरा उजळला. दीर-भावजयीत आता सगळं गोड झालं असं त्याला वाटलं असणार.

मी म्हणाले, “मला नको.”

“अगं, त्याला कळतंय त्यातलं,” नवरा म्हणाला.

“त्यांना कळतंय म्हणूनच नको.”

येताना गाडीत बेसचा विषय निघाला नाही. घरी आल्यावर नवऱ्यानं मला माणुसघाणी म्हटलं. म्हणू दे.

मग मी फोनवर प्लेअरांची माहितीपुस्तकं उतरवून घेतली आणि वाचायला बसले. इंग्रजी माझं शाळेपुरतं. एकेक पान लेकीला विचारत, शब्दाला शब्द लावत गेले. कंपन्या पहिल्या दहा पानांत स्वतःची आरती ओवाळतात आणि कामाची ओळ शेवटी कुठंतरी खरकट्यासारखी टाकतात. पडद्याच्या, सुईच्या, बोलक्या, कुठल्याच प्लेअरमध्ये मोनो नव्हतं. जगात एका कानाची माणसं नसतातच अशी ह्या लोकांची समजूत दिसते. शेवटी एका काळ्या डब्याच्या पुस्तकात ते सापडलं. ना पडदा, ना बटणं, शाळेच्या कंपासएवढा डबा. त्याच्या फोनवरच्या सेटिंगमध्ये डावं, उजवं, दोन्ही एकत्र, असे तीन पर्याय होते. मी ते पान पुन्हा वाचलं. चूक नव्हती.

इंदापूरला मी एकटी एसटीनं गेले. त्या दुकानदारानं डब्याचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं. त्याला काही दिसायला न्हाय, लोक घेत न्हाईत, त्यापेक्षा दुसरा दाखवतो, म्हणाला. मी सांगितलं की मला बघायचं नाही, ऐकायचं आहे, आणि पुण्याहून मागवायचा असेल तर मागवा, नाहीतर दुसरं दुकान दाखवा. त्यानं मागवला. त्याच्याशी मी गोड वागले नाही, पण ती काही त्याच्यावरची खुन्नस नव्हती.

डबा आला. लेकीनं फोनवरून सांगितलं तसा मी जोडला. डाव्या स्पीकरची वायर काढून टाकली, उजवा उचलून खुर्चीच्या उजव्या अंगाला ठेवला आणि दोन्ही एकत्रचा पर्याय निवडला. पेटी आली, तबला आला, मधे गळा होताच. कुणी कुणाच्या आड नव्हतं. पूर्वीसारखं हॉलभर पसरलेलं ते गाणं नव्हतं, ते मला परत मिळणार नाही हे माहीत आहे. पण सगळं होतं. मी दुपार संपेपर्यंत उठले नाही. पेटीचा शेवटचा सूर लांबवर जातो तोही मला ऐकू आला.

रविवारी दीर चहाला आला. डावा स्पीकर गप्प आहे हे त्याला लगेच कळलं, तेवढं मात्र कळतं. तो स्पीकरमागं वाकला, सुटलेली वायर बघितली. मी सांगितलं की मीच काढली आहे, मला आता त्याचा उपयोग नाही. का नाही, हे त्यानं विचारलं नाही. कप खाली ठेवून म्हणाला, “मग हितं पडून काय करायचाय? मी न्हेतो. गाडीवर कुठंतरी बसंल.”

माझा कान ज्या गाडीनं खाल्ला त्या गाडीवर त्याला माझा स्पीकरही चढवायचा होता. मी नवऱ्याकडं बघितलं. तो उठला. मला वाटलं, आता तरी बोलेल. तो कपाटातून स्पीकरचा स्टँड सोडवायला पाना घेऊन आला.

त्या क्षणी माझा नवऱ्याबद्दलचा जो काही उरलासुरला आदर होता तो गेला. हे मी रागात लिहीत नाही, विचार करून लिहिते. मी त्याच्या हातातून पाना घेतला आणि म्हणाले, “ह्यो हितंच राहील. मुका. आन का मुका हाय ते ज्यानं त्यानं तुमाला इचारायचं, मला न्हाय.”

दीर चहा अर्धा टाकून गेला.

तेव्हापासून येणारा प्रत्येक माणूस विचारतो. एक स्पीकर खुर्चीशी, दुसरा तिकडं कोपऱ्यात एकटा, बघणाऱ्याला खटकतंच. मी नवऱ्याकडं बोट करते. तो बरेच दिवस “बिघडलाय” म्हणून वेळ मारून नेत होता. आणि मी दर वेळी पाहुण्यासमोर म्हणायचे की बिघडलेला नाही, लावून दाखवू का?

मग एक दिवस पुतण्याची बायको आली, पेरू न्यायला. तीच नवरी, जिच्यासाठी मी ताट घेऊन उभी होते. पोरीवर माझा राग नाही. त्या दिवशी ती शालूत घामानं भिजली होती आणि नाचायचं का, असं तिलाही कुणी विचारलं नव्हतं. तिनं गाणं थोडा वेळ ऐकलं आणि साधेपणानं विचारलं, “मोठ्या आई, त्यो एक का वो बंद?”

मी नवऱ्याकडं बोट केलं. तिच्यापुढं बिघडलाय म्हणायला त्याची जीभ रेटेना. खाली बघत तो काहीतरी पुटपुटला. तो माझ्या डाव्या अंगाला बसला होता.

“मला ऐकू न्हाय आलं,” मी म्हणाले आणि गाणं थांबवलं. “मोठ्यानं सांगा.”

“हिचा कान गेला,” तो म्हणाला. मग एकदा माझ्याकडं बघून तिला आणखी मोठ्यानं, “तुमच्या वरातीत. भावानं गाडी दारात लावली. ही खुणावत हुती, मला दिसत हुतं. मी बघत उभा ऱ्हायलो.”

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी कितीतरी दुपारी वाट बघितली होती. ते ऐकून हलकं वाटेल, त्याच्याबद्दल काहीतरी मऊ येईल, असं मला वाटायचं. काही आलं नाही. त्याला दिसत होतं, एवढंच मला नवीन कळलं.