पेट्यांपुढचा केक

डॉर्कस पेल वेलबाईंच्या घरची स्वयंपाकीण. निदरकोम गावात तिला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. पण तिच्याबद्दल काही सांगा म्हटलं तर लोक डोकं खाजवत बसले असते. लग्न नाही, आजारपण नाही, कुणाशी भांडण नाही. सोळाव्या वर्षी भांडी घासायला आली ती तिथंच राहिली. वेलबाईंची भावजय बाळंतपणात गेली, तेव्हा बाईंनी ते तान्हं पोर घरी आणलं, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि डॉर्कसच्या हातात देऊन टाकलं. बाईंना लहान मुलं म्हणजे नुसता त्रास वाटे. लायनेलला दूध पाजलं डॉर्कसनं, चालायला शिकवलं डॉर्कसनं, आणि बोर्डिंगला निघताना तो रडला तोही तिच्याच एप्रनमध्ये तोंड खुपसून. आत्या बग्गीत बसून घाई करत होती.

आता हा लायनेल तिशी ओलांडलेला, लंडनला असायचा. त्या आठवड्यात तो आत्याकडे आला होता. मंगळवारी चहाच्या वेळी बाईंनी त्याला सरळ सांगितलं, की वकील येतोय, मृत्युपत्र बदलायचंय, घर आणि बाग आता म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमाला जाणार. हे घर आपलंच होणार असं ज्याला लहानपणापासून सांगितलं, त्याला हे असं, केक खाता खाता ऐकवायचं! पण बाईंचा स्वभावच तसा. डॉर्कसनं दुसरी किटली आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंडी काढायला कोंबड्यांकडे निघाली. वाटेत मधमाश्यांच्या पेट्या. प्रत्येक पेटीला काळं फडकं बांधलेलं. घरचं माणूस गेलं की माश्यांना जाऊन सांगायचं, दाराच्या किल्लीनं पेटी ठोठावायची, नवा मालक कोण ते कानावर घालायचं आणि काळं बांधायचं. नाहीतर माश्या रुसून निघून जातात. निदरकोममधलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण घरात तर कुणी गेलं नव्हतं. पेट्यांच्या तोंडाशी कालच्या शहाजिऱ्याच्या केकचे तुकडे ठेवलेले, त्यांना मुंग्या लागलेल्या. डॉर्कसनं ते हातानं झटकून टाकले, अंडी घेतली आणि बाईंचा चहा वर नेला.

बाई गेलेल्या होत्या. चेहरा काळानिळा, उशी जमिनीवर. डॉर्कसनं ट्रे टेबलावर ठेवला, खिडकीचे पडदे ओढले आणि डॉक्टरला बोलवायला खाली आली. तिला ना रडू आलं, ना भीती वाटली. जणू कुणी तिला आतून पुसून घेतलं होतं.

डॉक्टर म्हणाला, उशीनं गुदमरवलंय. सार्जंट प्रिडी आला. तो गावातलाच, त्याची आई अजून माश्या पाळते. सकाळपासून काय काय पाहिलंस असं त्यानं विचारल्यावर डॉर्कसनं पेट्यांवरचं काळं सांगितलं. तिला वाटलं, ही साधी गोष्ट. पण प्रिडीनं वहीतून मान वर केली. बाई गेल्याचं चहा वर जायच्या आधीच ज्याला ठाऊक, खुनी तोच. आणि माश्यांचं सगळं बघणार कोण? माळी. ॲमॉस हरल. त्याला बाईंनी त्याच आठवड्यात गुलाबांवरून चार शब्द सुनावून कामावरून काढलं होतं.

ॲमॉसला नेलं तेव्हा तो फाटकापाशी थांबून म्हणाला, "डॉर्कस, काळं मी बांधलं नाही. मला वाटलं तूच बांधलंस."

गावाला ते काही पटलं नाही. पाद्रीणबाईंपासून खाटकापर्यंत सगळे म्हणत होते, पहिल्यापासूनच आतल्या गाठीचा हो तो ॲमॉस. इतकी वर्षं ज्याच्याकडून फुकटची कलमं नेली, त्याला एका दुपारीत राक्षस करून मोकळे झाले. आमचं गाव आहेच असं.

डॉर्कस रांधत होती. लायनेल जेवत होता. मध मागून घेत होता.

तिला केक आठवत होता. लायनेल सात वर्षांचा असताना त्याचा बाप घोड्यावरून पडून गेला. तेव्हा तिनंच त्याच्या हातात किल्ली दिली होती आणि पेट्यांपाशी नेऊन माश्यांना कसं सांगायचं ते शिकवलं होतं. पोरगं काळं बांधून झाल्यावर आत पळालं आणि स्वतःच्या बशीतला केक मोडून एकेका पेटीपुढे ठेवत आलं. म्हणालं, त्यांनाही वाईट वाटलं असेल. तसं दुसरं कुणी कधी केलं नाही. ॲमॉस तर मुंग्या येतील म्हणून ओरडलाच होता.

केकचं फक्त तिला ठाऊक होतं. तुकडे तिनंच झटकले होते. ती गप्प राहिली की ॲमॉस फासावर जाणार, आणि लायनेल या घराचा मालक होऊन तिला मरेपर्यंत इथंच ठेवणार. फास कुणाच्या गळ्यात पडणार, हे आता तिनं ठरवायचं होतं. याचं काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. वाटत काहीच नव्हतं.

रविवारी तिनं त्याला न्याहारी वाढली. अंडं अर्धवट उकडलेलं, टोस्टच्या कडा काढलेल्या. लोणी संपलंय, आणते, म्हणाली. फडताळात लोणी होतं, आणि रविवारी दुकान बंद असतं. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ प्रिडीच्या घरी गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"हे आधी का नाही सांगितलंस, डॉर्कसबाई?"

"सांगवलं नाही," ती म्हणाली.

प्रिडी बाईंच्या घरी पोहोचला तेव्हा लायनेल न्याहारीच्या टेबलाशीच होता. त्यानं काही नाकारलं नाही. काळं का बांधलं, या प्रश्नावर म्हणे खांदे उडवले आणि म्हणाला, सांगायला नको का त्यांना?

ॲमॉस सुटून आला आणि बटाटे खणायला लागला.

फाशीची तारीख लागल्यावर ती बसनं तुरुंगात गेली. दुसरं कुणी भेटायला आलंच नव्हतं. दारावरच्या शिपायानं विचारलं, कोण लागतो तुमचा. तिनं बराच वेळ विचार केला आणि मी स्वयंपाकीण, असं सांगितलं. शिपायानं आत सोडलं.

लायनेल वाळला होता. ॲमॉस बरा आहे का, असं त्यानं विचारलं. बरा आहे, ती म्हणाली. भेटीची वेळ संपत आली तेव्हा तो लहानपणीच्या हाकेनं हळूच म्हणाला, "डॉडी, तुला कळणार हे मला ठाऊक होतं. तू सांगशील हेही ठाऊक होतं. पण आधी एकदा माझ्याशी बोलशील असं वाटलं होतं गं."

"तुझ्याशी बोलले असते," डॉर्कस म्हणाली, "तर सांगितलं नसतं, बाळा."

शिपायानं वेळ झाल्याचं सांगितलं. तिनं हातमोजे चढवले आणि ती बाहेर पडली.